घर पाहावे तपासून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे सांगणाऱ्या आपल्या पूर्वजांना अंधेरी-बोरिवलीची माहिती नव्हती. असती, तर म्हणीत त्यांनी थोडा फेरफार केला असता. उपनगरात घर कोणी बांधत नाही. ते कुणी दुसराच बांधतो, तिसऱ्याला विकतो, आणि तो तिसरा त्यात पंचवीस-तीस वर्षे राहून, मुलांची शिक्षणे आणि लग्ने उरकून, एके दिवशी ते चौथ्याला दाखवायला काढतो. हा चौथा म्हणजे तुम्ही-आम्ही. बांधण्याचा अनुभव आपल्या नशिबी नाही. पाहण्याचा तेवढा आहे. आणि त्या पाहण्याचेही मुहूर्त ठरलेले. दसऱ्याला टोकन, पाडव्याला करार.

या मुहूर्तांविषयी आमची जुनी तक्रार आहे. जून ते सप्टेंबर ज्या भिंतीने पाणी प्यायलेले असते ती ऑक्टोबरच्या उन्हात सुकू लागते. मग दिवाळीच्या निमित्ताने रंगारी येतो. पोपडे खरवडून तो पुट्टी भरतो, वर दोन हात देतो, आणि ज्या कोपऱ्यात ऑगस्टमध्ये नकाशाएवढा डाग होता तिथे आकाशकंदिलाचा उजेड पडलेला आपण पाहतो. विकणाराला यात कपट करावे लागत नाही. दिवाळीला रंग कोण देत नाही? घर पाहायचे तर ते भर श्रावणात, छत्री गळत असताना पाहावे. पण श्रावणात एजंट मंडळी गावाला गेलेली असतात आणि घेणाऱ्याचे पाय चिखलात निघत नाहीत.

या अडचणीवर अलीकडे एक उपाय निघाला आहे. पैसे देऊन घर तपासून घ्यायचे. हे तपासनीस गृहस्थ एका पिशवीत संसार घेऊन येतात. भिंतीतली ओल मोजणारे एक यंत्र असते, गरम-थंड भाग निरनिराळ्या रंगांत दाखवणारा कॅमेरा असतो, फरशी ठोकून पाहायची काठी असते, प्लगमध्ये खुपसून अर्थिंग आहे की नाही ते सांगणारी डबी असते. दोन-तीन तास ते ब्लॉकभर फिरतात आणि दुसऱ्या दिवशी पन्नास-साठ फोटोंचा अहवाल पाठवतात. हॉलमधल्या अमुक फरश्या पोकळ वाजतात, मोरीचा उतार जाळीकडे नसून दाराकडे आहे, खिडकीच्या चौकटीखालचा सांधा उघडा आहे, वगैरे. हा धंदा आम्हांला बिलकूल नापसंत नाही. रंगाखालची ओल डोळ्यांना दिसत नाही ती यंत्राला दिसते, निदान ऑक्टोबरात तरी दिसते. मार्च-एप्रिलपर्यंत भिंत कोरडी ठणठणीत झाली की यंत्रही बिचारे काय सांगणार? मोरीच्या उलट्या उताराने पुढे दहा वर्षे होणारा मनस्ताप या माणसाच्या फीपेक्षा पुष्कळ महाग असतो.

आमची शंका वेगळी आहे. अहवाल हाती पडला की घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरते, त्याची आम्हांला धास्ती वाटते. 'घर तपासून घेतले' असे तो चारचौघांत सांगतो. वस्तुतः त्याने घराचा कितवा हिस्सा तपासून घेतला?

ही पद्धत मूळची तिकडची, अमेरिकेतली. तेथील तपासनीसांची संघटना १९७६ साली स्थापन झाली आणि तपासणी कशाला म्हणावे याचे नियमही तिने घालून दिले. ते नियम प्रामाणिक आहेत. तपासणी डोळ्यांनी दिसेल तेवढ्याचीच. सहज पोचता येईल तिथेच हात घालायचा. सामान हलवायचे नाही, भिंत फोडायची नाही, आणि जे सांगायचे ते त्या दिवसापुरते. उद्याची हमी नाही. आपल्याकडच्या अहवालांच्या शेवटच्या पानावरही बारीक टायपात साधारण हेच लिहिलेले असते, फक्त ते पान कोणी वाचत नाही. पण नियमांपेक्षा महत्त्वाची गोष्ट ही, की अमेरिकेतले घर बहुधा सुटे असते. छप्पर त्याचे, पाया त्याचा, तळघर त्याचे, भोवतालची जमीनही त्याची. तपासनीस छपरावर चढतो, तळघरात उतरतो, आणि त्या दोहोंच्या मध्ये जे काही आहे ते सगळे घेणाऱ्याच्या मालकीचे व्हायचे असते.

आपण काय घेतो? मुलुंडला तिसऱ्या मजल्यावरचा सहाशे चौरस फुटांचा एक ब्लॉक, म्हणजे हवेत टांगलेला एक कप्पा. त्याची गच्ची सोसायटीची, जमीन सोसायटीची (तीही कन्व्हेयन्स झाले असेल तर!), छत म्हणजे वरच्यांची जमीन आणि जमीन म्हणजे खालच्यांचे छत. आणि हा कप्पा ज्यांवर उभा आहे ते खांब तळमजल्यावर कुणाच्या तरी दुकानात असतात. तपासनीसाला आपण ज्या दारातून आत घेतो त्या दाराच्या आतच त्याचा अधिकार संपतो. खालच्या दुकानात तो काय म्हणून शिरणार?

खांबांचा हा विषय आम्ही उगाच काढलेला नाही. बोरिवलीला २००७ सालच्या जुलैत लक्ष्मी छाया नावाची इमारत कोसळली. पंचवीसहून अधिक माणसे गेली. तळमजल्यावरच्या दुकानात जे फेरफार चालले होते त्यांनी खांब दुखावले, असा आरोप झाला. दहा वर्षांनी, २५ जुलै २०१७ रोजी सकाळी, घाटकोपरला दामोदर पार्कातली सिद्धी साई ही चार मजली इमारत जमीनदोस्त झाली आणि सतरा माणसे मेली. तिथे तळमजल्यावर रुग्णालयाच्या जागेत काम काढले होते, आणि आरोप पुन्हा तोच होता: आधाराच्या खांबांना हात लावला. दोन्ही वेळी पावसाळा, दोन्ही वेळी तळमजला, दोन्ही वेळी वर राहणाऱ्या कुटुंबांचा त्या कामाशी काडीचा संबंध नव्हता.

आता समजा, घाटकोपरच्या त्या इमारतीत कोणी एखाद्या वरच्या मजल्यावरचा ब्लॉक सहा महिने आधी घेतला असता आणि घेण्यापूर्वी चांगला तपासनीस बोलावला असता. त्याने काय लिहिले असते? स्वयंपाकघराच्या ओट्याखाली ओल आहे, बेडरूमच्या दोन फरश्या पोकळ आहेत. सारे खरे लिहिले असते. त्याच्या ठोकण्यात किंवा मोजण्यात काही उणे नसते. पण त्या घराचे मरण त्या घरात नव्हतेच.

काँक्रीटची इमारत उभी कशी राहते हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसते, आणि ठाऊक नसले तरी आपण सुखाने झोपतो. स्लॅबचा भार बीमवर, बीमचा कॉलमवर, आणि वरच्या कॉलमचा खालच्या कॉलमवर, असे ओझे उतरत उतरत पायापर्यंत जाते. म्हणजे तळमजल्याच्या कॉलमच्या डोक्यावर सगळ्या मजल्यांचे कपाट, कोठ्या, टाक्या आणि माणसे. मधल्या विटांच्या भिंती पुष्कळदा नुसत्या आडोशाच्या असतात. त्या काढल्या तर इमारत लागलीच बसत नाही. त्यामुळेच गवंड्याला आणि दुकानदाराला धीर येतो. भिंत काढली, काही झाले नाही. मग कॉलमचा कोपरा थोडा तासला तर काय होणार आहे? तासलेल्या कॉलमवर पुढे आरसे किंवा लाकडी तक्ते बसतात, आणि गिऱ्हाइकाला दुकान ऐसपैस वाटते.

दुसरे मरण काँक्रीटच्या पोटात असते. ते इतके नाट्यमय नाही, सावकाश येते. काँक्रीटमध्ये जी सळई असते तिला ताज्या सिमेंटचा अल्कधर्मी गुण गंजण्यापासून राखतो. हवेतला कर्बवायू वर्षानुवर्षे आत मुरतो आणि हा गुण हळूहळू मारतो. आपल्याकडे त्यात समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्याची आणि चार महिन्यांच्या पावसाची भर. एकदा हे सळईपर्यंत पोचले की लोखंड गंजू लागते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा मागतो. ती जागा त्याला काँक्रीट फोडूनच मिळते. छताचा पोपडा जेव्हा कढईत पडतो, तेव्हा आतले काम कित्येक वर्षे चाललेले असते. अंधेरी-घाटकोपर १९५० साली आणि बोरिवली-मुलुंड १९५७ साली मुंबईच्या महापालिकेत आले. त्यानंतरच्या तीस वर्षांत ज्या तीन-चार मजली इमारती इथे भराभर उठल्या, त्यांच्या काळी काँक्रीट आजच्याइतके ताकदीचे घालण्याचा दंडकही नव्हता. सळईसह काँक्रीटला कमीतकमी किती प्रत हवी याचे मान भारतीय मानकांनी २००० साली एक पायरी वर नेले.

हे पोट तपासता येते. एक हातोडी असते, ती पृष्ठभागावर आपटून किती उसळी घेते त्यावरून कठीणपणा कळतो. आवाजाच्या लहरी एका बाजूने सोडून दुसऱ्या बाजूला पोचायला किती वेळ लागतो ते मोजतात. आत पोकळी किंवा चीर असली की लहर रेंगाळते. कॉलममधून दंडगोल नमुना कापून प्रयोगशाळेत चिरडतात. आणि आम्हांला सगळ्यांत आवडलेली परीक्षा म्हणजे फिनॉल्फ्थॅलीनची, शाळेतल्या रसायनशास्त्राच्या तासाची आठवण करून देणारी. काँक्रीट ताजे फोडून त्यावर ते शिंपडले की शाबूत भाग लगेच गडद गुलाबी होतो, आणि ज्याचा गुण मेला आहे तो होता तसाच राखाडी राहतो. गुलाबी रंग सळईच्या अलीकडे संपला की पलीकडे हे समजायला इंजिनीअर लागत नाही.

परंतु यातले काहीही तुमचा ब्लॉक-तपासनीस करीत नाही, आणि करू म्हटले तरी करू शकत नाही. अजून घर तुमचे झालेले नाही. दुसऱ्याच्या बीमला तुम्ही भोक कसे पाडणार? ही परीक्षा इमारतीची असते आणि ती सोसायटीने करवून घ्यायची असते. तिला सगळे स्ट्रक्चरल ऑडिट म्हणतात. मुंबई महापालिका अधिनियमाच्या ३५३-ब कलमाने तीस वर्षे उलटलेल्या इमारतीला नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून असे प्रमाणपत्र घेणे बंधनकारक केले आहे. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत तर पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीने दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांपुढच्या इमारतीने दर तीन वर्षांनी ऑडिट करावे असे सांगितले आहे. किती सोसायट्या करतात? याचे उत्तर वार्षिक सभेला बसणाऱ्या कोणालाही विचारावे. पार्किंगवर दोन तास वादंग होते, ऑडिटचा विषय 'आयत्या वेळचे विषय' यात येतो, आणि तोवर वेफर्स संपलेले असतात.

मुलुंडच्या एका परिचित गृहस्थांची गोष्ट सांगतो. ब्लॉक पसंत पडला, तपासनीस झाला, चाळीस पानी अहवाल आला. पोकळ फरश्यांचे पैसे किमतीतून वळते करायचे असे ठरवून ते मोठ्या विजयाच्या भावनेने सपत्नीक शेवटची भेट द्यायला गेले. हे वर विकणाराशी फरश्यांचा भाव करीत होते आणि बाईंचे गुडघे दुखत असल्याने त्या खाली वॉचमनच्या खुर्चीवर बसल्या. समोर सूचनाफलक होता. करायला दुसरे काही नव्हते म्हणून त्यांनी तो वाचला. घरी जाताना रिक्षात त्या म्हणाल्या, "अहो, त्या फलकावर प्रत्येकी दोन लाख भरायचे लिहिलंय. कॉलमना जॅकेटिंग का काहीतरी करणार आहेत. तुमच्या अहवालात आहे का हो ते?" अहवालात नव्हते. कसे असणार? फलक ब्लॉकच्या बाहेर होता. गृहस्थांनी फरश्यांचा भाव सोडला आणि दोन लाखांचा धरला. घर त्यांनी घेतले. दुरुस्ती होणार आहे हे त्यांना उलट शुभचिन्ह वाटले, आणि आमच्याही मते ते बरोबर होते. ज्या जुन्या इमारतीच्या फलकावर वर्षानुवर्षे फक्त गणपतीच्या वर्गणीचीच सूचना लागते, तिची आम्हांला अधिक भीती वाटते.

तेव्हा ऑडिटचा अहवाल मागावा. तुम्हांला सेक्रेटरी तो दाखवणार नाहीत. तुम्ही अजून कोणी नाही. पण विकणारा सभासद आहे, आणि सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते पाहण्याचा हक्क सभासदाला आहे. त्याला म्हणावे, गेल्या पाच वर्षांची इतिवृत्ते आणि ऑडिट झाले असेल तर त्याची प्रत घेऊन या. त्यात एक अक्षर आणि एक आकडा सापडेल. सी-१ म्हणजे इमारत धोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ म्हणजे मोठी दुरुस्ती. त्यातही 'अ' असेल तर इमारत पुरती किंवा अंशतः रिकामी करून, 'ब' असेल तर राहत्या माणसांसकट. सी-३ म्हणजे किरकोळ. साठ फोटोंच्या अहवालापेक्षा या एका खुणेत अधिक मजकूर असतो.

इथे एजंट मधे पडतो आणि मुंबईचे एक अजब तत्त्वज्ञान ऐकवतो. "साहेब, बिल्डिंग जुनी आहे तेच चांगलं! रीडेव्हलपमेंटला जाणार. तुम्हांला नवा मोठा फ्लॅट फुकट." जगात इतरत्र मोडकळीला आलेले घर स्वस्तात मिळते, उपनगरात मोडकळ हीच मालाची प्रत ठरते. विमानतळाजवळ अंधेरी-घाटकोपरच्या पुष्कळ भागांत उंचीवर बंधने आहेत, तिथे नवा बिल्डर पुढे यायला कचरतो. हे एजंट सांगत नाही. आणि पुनर्विकास आज-उद्या म्हणता म्हणता जी वर्षे जातात, त्या वर्षांत त्याच स्लॅबखाली झोपायचे असते. बोरिवलीला साईबाबानगरातली गीतांजली ही जुनी इमारत ऑगस्ट २०२२ मध्ये पडली. ती धोकादायक ठरवून आधी रिकामी केली होती म्हणून जीव वाचले. तिथे कागद इमारतीच्या आधी पोचला होता. घाटकोपरला पोचला नव्हता.

नव्या इमारतीचे पाहणे निराळे. तिथे फरशी-नळाची तपासणी खरोखर उपयोगी पडते, कारण २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला तर तो तीस दिवसांत विनामोबदला दुरुस्त करून देणे बिल्डरला भाग आहे. फोटो आणि तारीख हाताशी असली की भांडण सोपे जाते. ताब्याआधी भोगवटा प्रमाणपत्र मात्र डोळ्यांनी पाहावे. वरळीच्या कॅम्पा कोलाच्या रहिवाशांचे काय झाले ते सगळ्यांना माहीत आहे.

जुन्या घरासाठी बहुतेकांना ठाऊक नसलेला एक जुना आधार आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमात म्हटले आहे की, जो महत्त्वाचा दोष विकणाराला माहीत आहे, घेणाराला माहीत नाही आणि साधारण काळजीने पाहूनही त्याला सापडला नसता, तो विकणाराने सांगितलाच पाहिजे. म्हणजे तपासनीसाचे डोळे जिथे संपतात तिथे विकणाराच्या तोंडाची जबाबदारी सुरू होते. तोंडी विचारले की "छे, छे, एक थेंब गळत नाही" असे उत्तर मिळते. हेच वकिलाकडून करारात लिहून मागावे: वरच्या न्हाणीघरातून कधी गळती झाली का, झाली तर कोणी कधी दुरुस्त केली, पालिकेची काही नोटीस आली आहे का, दुरुस्तीची वर्गणी बाकी आहे का, आपण कधी बीम-कॉलमला हात लावला का. कागद पुढे आला की माणसाला पुष्कळ गोष्टी आठवू लागतात.

वरच्या मजल्यावरही एकदा जाऊन यावे. पाणी वरून येते, आणि वरच्यांच्या मोरीची गळती ही उपविधींप्रमाणे वरच्या सभासदाच्या खर्चाची असली, तरी ती त्यांच्याकडून करवून घेणे हा आयुष्यभराचा उद्योग होऊ शकतो. दार कोण उघडते, कसे बोलते, हे कोणत्याही कॅमेऱ्याला मोजता येत नाही. आणि खाली उतरल्यावर तळमजल्यावरच्या दुकानातून पावशेर काहीतरी घ्यावे. पुडी बांधून होईपर्यंत खांब कुठे कुठे आहेत ते मोजावेत, आणि वरच्या घरात जिथे जिथे कॉलम दिसला होता त्याच्या बरोबर खाली तो आहे का ते पाहावे. नसला, तर दुकानदाराला विचारू नये. सोसायटीला विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत टोकन खिशात ठेवावे.

पावसाळ्यापूर्वी दरवर्षी महापालिका अतिधोकादायक इमारतींची यादी वॉर्डवार प्रसिद्ध करते. अंधेरी पूर्वेसाठी 'के-पूर्व', पश्चिमेसाठी 'के-पश्चिम', बोरिवलीसाठी 'आर-मध्य', घाटकोपरसाठी 'एन' आणि मुलुंडसाठी 'टी' वॉर्ड. यादी वाचायला फी पडत नाही, आणि पाडव्याच्या आत वाचून होते.